माझा वारा

दिवाळं निघालं की कळवावं लागतं.

विमा कंपनीला, बँकेला, फोनवाल्यांना, विजेला, गॅसला. ज्यांच्याशी म्हणून तुमचा करार आहे त्या सगळ्यांना. पूर्वी म्हणे पत्रं पाठवायचे आणि ती कुणी वाचायचं नाही. आता फोनवर एक बटन असतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘कळवा’. कोर्टाचा आदेश आला की आठवड्याच्या आत ते दाबायचं. नाही दाबलं तर गुन्हा.

मी दाबलं. जळालेल्या वर्कशॉपच्या पायरीवर बसून, भर दुपारी.

हातातला चहा संपायच्या आत उत्तरं यायला लागली. स्कूटरचा विमा महाग झाला. फोन ‘आधी पैसे भरा मग बोला’ असा झाला. आरोग्य विम्यानं माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि हप्ता दुप्पट केला. ह्यातलं काही मला लागलं नाही. हे होणार, माहीत होतं.

लागलं ते दुसऱ्या दिवशी, सदाच्या सलूनमध्ये.

मिसरूड फुटल्यापासून माझी दाढी सदा करतो. मला दारात बघून त्यानं हातातला बँड काढला, लांबच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि मग खुर्ची झटकली. दाढी नीट केली. नेहमीसारखं ब्लेड नवं घातलं. पैसे घेताना मात्र आरशात बघूनच म्हणाला, दुपारचा येत जा, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. वाईट वाटून घेऊ नको. तुझा वारा लागतो.

वारा म्हणजे काय ते सांगतो. ज्याला लागला नाही त्याला ते नीट माहीत नसतं.

काही वर्षांपूर्वी दोन संशोधकांनी एक गंमत केली. साथीच्या रोगाचं एक गणित असतं. एक आजारी माणूस साधारण किती जणांना आजारी पाडतो, कोण जवळ होतं, किती वेळ होतं. तेच गणित त्यांनी दिवाळखोरीला लावून बघितलं. बसलं. गोवराला बसतं तसं बसलं. एकाचं दिवाळं निघालं की त्याच्या आसपासच्यांचं निघायची शक्यता वाढते, आणि जो जितका जवळ, तितकी जास्त. ह्यात जादू काही नाही. एकत्र बसणारी माणसं एकमेकांना जामीन राहतात, एकाच्या सांगण्यावरून दुसरा पैसे गुंतवतो, एक बुडताना दुसऱ्याचा हात धरतो. पण मशीनला कारण लागत नाही. मशीनला फक्त दिसतं, कोण कुणाजवळ किती वेळ होतं.

आणि ते दिसायची सोय आपणच करून ठेवली होती. बँड. हप्त्यात सूट मिळते म्हणून सगळ्या गावानं हातात घातला. हे बँड सारखे बारीक बारीक रेडिओ संदेश सोडत असतात आणि जवळच्या बँडचे पकडत असतात. संदेश जोरात आला की माणूस जवळ, क्षीण आला की लांब. दोन हातांच्या आत आलात आणि रेंगाळलात की सहवास मोजला जातो. शिवाय बँड त्वचेत उजेड सोडून नाडी आणि रक्तातली साखर बघतो, त्यामुळं तुम्ही कधी जेवलात ते त्याला कळतं. दोन माणसांची साखर शेजारी शेजारी बसून एकाच वेळी चढली, म्हणजे ती एकत्र जेवली. त्याला सगळ्यात जास्त वजन. एका ताटाजवळ बसणारे एकमेकांना नाही म्हणत नाहीत, असं त्या संशोधकांनी लिहिलंय. इंग्रजीत आहे, पण मी शब्द शोधत शोधत सगळं वाचलं. मी कॉलेजला गेलो नाही. मला येतं ते सगळं असंच आलंय.

कागदोपत्री ह्याला ‘सहवास गुणांक’ म्हणतात. प्रत्येकाचा वेगळा. आमच्या जयसिंगपुरात वारा म्हणतात. आणि दिवाळखोराला बँड काढायची परवानगी नसते. तो तीन वर्षं मनगटावर कुलूपबंद.

म्हणजे मी गावात चालता-फिरता गोवर होतो.

चहाच्या गाड्यावर मला बघून बाकडं रिकामं व्हायला लागलं. गाडेवाला चेष्टेनं म्हणायचा, साहेब तुम्ही तिकडं उभे राहा, वारं तिकडून वाहतंय. सगळे हसायचे. मीपण हसायचो. मग एक दिवस हसू आलं नाही, आणि त्या दिवशी मला दया आठवला.

दयानंद पोतदार. माझा पार्टनर.

आम्ही पाचव्या गल्लीत वाढलो. माझी आई मी लहान असताना गेली आणि वडील इचलकरंजीला लूमवर असायचे, ते रविवारी उगवायचे. त्यामुळं मी जेवायला दयाच्या घरी. त्याची आई, शालनकाकू, दोन ताटं शेजारी मांडायच्या आणि आम्ही दोघं जेवून उठेपर्यंत समोर बसायच्या. मोठे झाल्यावर आम्ही ई-रिक्षांच्या बॅटऱ्या बांधायचा धंदा काढला. सेल जोडायचे, त्यावर लक्ष ठेवणारं सर्किट बसवायचं, पेटीत बंद करायचं. बांधणी माझी, खरेदी-विक्री दयाची. धंदा दोघांचा, पण नाव माझं, कारण दयाला स्वतःचं नाव दुसऱ्या कर्जासाठी मोकळं ठेवायचं होतं. मी म्हटलं, ठेव की.

एका खेपेला दयानं वापरून फुगलेले जुने सेल आणले. वर नवीन प्लास्टिक चढवलेलं होतं. असा सेल आतून फाटलेला असतो. चार्ज होताना एक तापला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा, आणि पाणी मारून ती आग विझत नाही. वर्कशॉप गेलं. दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या रिक्षा गेल्या.

विमा होता. पण विम्याच्या माणसानं चौकशी केली तेव्हा दयानं सांगितलं, प्रणित बॅटऱ्या चार्जिंगला लावून कुलूप घालून निघून जायचा, मी कितीदा बोललो त्याला. आजवर मी एकदाही असं केलं नव्हतं. पार्टनरचीच साक्ष म्हटल्यावर दावा फेटाळला. माझं दिवाळं निघालं आणि चार महिन्यांत दयानं स्टेशन रोडला रिक्षांचं शोरूम टाकलं. माझीच गिऱ्हाइकं. वर राहायला घर.

मला त्याचे पैसे नको होते. मला त्याचा आगीचा विमा पाहिजे होता. रिक्षा बनवणारी कंपनी आगीच्या विम्याशिवाय कुणाला शोरूम चालवू देत नाही, आणि दयाच्या विम्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं. त्याच्या शब्दानं माझा विमा गेला. माझ्या वाऱ्यानं त्याचा जाणार. मारामारी नाही, शिवी नाही. फक्त जाऊन जवळ बसायचं.

ते सोपं नव्हतं. शोरूमच्या दारातनं रखवालदार हाकलायचा. रस्त्यात दया लांबूनच बाजू बदलायचा. देवळात त्याच्या मागं उभा राहिलो तर तो आरती सोडून निघून गेला. मग कळलं, त्याच्या शोरूमवरच्या नव्या घराची वास्तुशांत आहे.

पंगतीत बसलेल्या माणसाला उठवत नाहीत. शत्रू असला तरी नाही. वाढलेल्या ताटावरून माणूस उठवला, असं एकदा गावात झालं की ते घर पिढीभर ऐकतं. बसेपर्यंतच काय ते. एकदा बसलो की मी राजा.

आमंत्रण अर्थातच नव्हतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो. जिन्यात लोक बाजूला सरकत होते. पूजा संपली होती आणि घरच्यांची पंगत बसत होती. दया अजून सोवळ्यात होता, रेशमी धोतर, खांद्यावरून उपरणं पुढं घेतलेलं, कपाळाला गंध. त्याच्या उजव्या बाजूचा पाट रिकामा होता. त्याच्या मेव्हण्यासाठी असावा. मी बसलो.

दया पुढं बघतच हळू म्हणाला, “काय पाहिजे तुला?”

“जेवायला आलोय.”

तो उठणार, एवढ्यात काकू पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आल्या. मला बघून थांबल्या. किती वाळलास, म्हणाल्या. आणि वाढायला लागल्या.

काकूंबद्दल एक सांगायला पाहिजे. त्यांच्या हृदयाची झडप नीट मिटत नव्हती आणि मिरजेला तिचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यांच्या विम्याचं आधीच गावभर हसं झालं होतं. विमा उतरवताना एजंट घरी आला. म्हणाला, दम लागतो का असं विचारतील, नाही म्हणा. काकूंनी कंपनीच्या फोनवर सांगितलं, लागतो की, जिना चढताना लागतो. हप्ता वाढला. एजंटनं कपाळ बडवून घेतलं. काकू म्हणाल्या, विचारलं म्हणून सांगितलं. त्या खोटं बोलत नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही, त्यांना ते जमतच नाही.

मी त्यांचा विचार केला होता. बायका मागून जेवतात, वेगळ्या पंगतीला. म्हणजे त्या सुरक्षित. माझ्या हिशेबात तेवढं पुरेसं होतं.

मी सावकाश जेवलो. आयुष्यात इतकं सावकाश कधी जेवलो नाही. दया घास गिळत होता, मी चावत होतो. काकू सारख्या येत होत्या. कटाची आमटी घे. भात घे. अजून एक पोळी, अर्धी तरी, माझ्यासाठी. प्रत्येक वेळी वाकायच्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या, आत जायच्या, परत यायच्या. दर वेळी मी मनात म्हणत होतो, घे दया, घे अजून.

पोटभर जेवून घरी आलो आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

चौथ्या दिवशी दया माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला. बँड काढून आला होता हे पहिल्यांदा बघितलं मी. चेहरा उतरलेला. खोटं कशाला सांगू, तो चेहरा बघून मला बरं वाटलं.

म्हटलं, “लागला का वारा?”

“मी सोवळ्यात होतो, गाढवा,” दया म्हणाला. “बँड देवघरात होता.”

बँडचा पट्टा चामडी. सोवळ्यात चालत नाही. मी त्या घरात पंचवीस वर्षं जेवलो होतो आणि मला हे सुचलं नव्हतं.

दया पुढं बोलत होता. आईचा बँड झडपेमुळं कायम हातात. ती तुला वाढायला किती वेळा वाकली माहीत आहे? सगळ्या पंगतीत तुझ्या सगळ्यात जवळ तीच होती. कंपनीच्या मशीननं तिला काल फोन केला. विचारलं, हे प्रणित तोडकर तुमचे कोण? मी समोर बसून खुणा करत होतो, कुणी नाही म्हण, अनोळखी म्हण. तर काय म्हणाली माहीत आहे?

मला माहीत होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“म्हणाली, घरचाच आहे. माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय.”

आता काकूंच्या नावापुढं दिवाळखोर घरचा म्हणून नोंद झाली होती. विम्याची मंजुरी थांबली. फेरतपासणी होणार, आणि ती आठ-दहा आठवडे चालते. डॉक्टर म्हणाले होते, इतकं थांबता येणार नाही. आणि रोख भरून करायचं तर दयाचं सगळं शोरूममध्ये अडकलेलं.

दया दारात उभा राहून रडला. मी त्याला बस म्हटलं नाही. पाणी दिलं नाही. पण मला काकूंचा हात डोक्यावर जाणवत होता.

मी तो संशोधकांचा लेख परत काढला. त्यात शेवटी एक तुकडा आहे, तो कुणी वाचत नाही. वाऱ्याला एक उतारा असतो. ज्या दोघांमध्ये उघड वैर आहे, तक्रार नोंदलेली आहे, ते जवळ आले तरी मोजत नाहीत. भांडणारी माणसं एकमेकांना जामीन राहत नाहीत. विमा कंपन्यांनी ते नियमात घेतलंय. तीन गोष्टी लागतात. दिवाळखोरानं स्वतः तक्रार करायची. हजर असलेल्या एका साक्षीदारानं दुजोरा द्यायचा. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानं स्वतःच्या आवाजात कबूल करायचं. तिन्ही झालं की नोंद पुसली जाते. त्याच दिवशी.

वैर कसलं दाखवायचं? असं काहीतरी, की ज्यानंतर कुठलाही माणूस त्या घरी पाणी पिणार नाही. ते मला लगेच सुचलं, आणि सुचलं म्हणून स्वतःचीच शिसारी आली.

मी दयासमोर काकूंच्या विमा कंपनीला फोन लावला. सांगितलं, “शालन पोतदार यांनी मला पंगतीतून उठवलं.”

दया बघतच राहिला. मशीननं विचारलं, साक्षीदार? मी म्हटलं, “त्यांचा मुलगा. शेजारीच बसला होता.”

हे मी मुद्दाम केलं. दुसरा साक्षीदार मिळाला असता, वास्तुशांतीला सदापण होता, तो आला असता. पण मला दयाच पाहिजे होता. माझ्याविरुद्ध खोटं बोलताना त्याला काही वाटलं नव्हतं. आता स्वतःच्या आईविरुद्ध बोल. गावात हे पसरणार, शालनबाईंनी ताटावरून पोरगं उठवलं म्हणून. त्यावर शिक्का तुझा.

साक्षीसाठी फोन पाचव्या गल्लीतल्या जुन्या घरी येणार होता, बँडचा पत्ता अजून तोच होता आणि रोजचा जिना झेपत नाही म्हणून काकूही तिथंच राहायच्या. मीपण गेलो. अंगणात, लांब थांबलो. काकू आत सोप्यावर बसल्या होत्या. दयानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता, कारण तसा नियम आहे.

मशीनचा आवाज बाईचा, एकदम गोड. आपल्या आईनं श्री. तोडकर यांना पंगतीतून उठवलं, हे आपण पाहिलं का?

दया म्हणाला, हो.

आवाज नीट आला नाही, कृपया मोठ्यानं सांगा.

“हो,” दया म्हणाला. “मी शेजारीच होतो. आईनं त्याला उठवलं. सगळ्यांदेखत.”

एवढं सफाईनं बोलला की मलाच खरं वाटलं. आवाज हलला नाही. ‘सगळ्यांदेखत’ हे तर त्यानं स्वतःच्या पदरचं घातलं.

आणि मी काकूंकडं बघितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या नुसत्या मुलाकडं बघत होत्या. दयानं फोन ठेवून घाईघाईनं समजावलं, आई हे तुझ्या ऑपरेशनसाठी आहे, उद्या दुपारी तुला फोन येईल, तू फक्त हो म्हणायचं. काकूंनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

म्हणाल्या, “कंपनीशी खोटं बोलताना तुझा आवाज असाच असतो काय रे?”

दया हातातला फोन पुसायला लागला.

“आगीच्या वेळीपण असाच होता?”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. दया त्या रिक्षाकडं बघत राहिला. मी वर्षभर ज्या प्रश्नासाठी धडपडत होतो, तो काकूंनी बसल्या जागी विचारला होता, आणि त्याचं उत्तर दयाच्या मानेवर दिसत होतं.

काकू मला लांबूनच म्हणाल्या, उद्या दुपारी जेवायला ये.

रात्रभर मला वाटत राहिलं की ही बाई हो म्हणणार नाही. फोनवर सांगेल, छे, मी कशाला उठवीन, पोटभर वाढलं मी त्याला. आणि झडपेपायी मरेल. माझ्यापायी.

दुसऱ्या दिवशी गेलो तर अंगणात दोन पाट मांडलेले. शेजारी शेजारी, लहानपणी मांडायच्या तसे. ऊन चढलं होतं. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती, गच्चीवरून बायका बघत होत्या. काकू आत दाराच्या मागं खुर्चीवर, चांगल्या लांब. बँडची त्यांना बरोबर समज होती. मी आजवर त्यांना भोळी समजत आलो होतो.

दयाला म्हणाल्या, तू वाढ. दोघांनाही. आणि बस.

दया वाढायला लागला. भाजी वाढली, भाकरी ठेवली. पाटावर बसताना त्यानं मनगटाकडं हात नेला, बँडचं बक्कल सोडवायला.

“असू दे हातात,” काकू म्हणाल्या.

“आई, पुढच्या आठवड्यात माझ्या विम्याचं...”

“माहीत आहे. असू दे.”

आवाज चढलेला नव्हता. दयानं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. मग बक्कलवरचा हात काढला आणि बसला. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते.

जेवा, काकू म्हणाल्या.

आम्ही जेवलो. भरली वांगी होती. माझ्या आवडीची, दयाच्याही. काकू आतनं बोलत होत्या, लहानपणी बोलायच्या तसंच. दया, त्याला भाकरी वाढ. तूपण घे. हळू जेवा, पळायचं नाही कुठं. दया वाकून वाढत होता आणि त्याच्या बँडवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. माझ्याही. मी इतके दिवस हेच मागत होतो. तोंडात घास फिरत होता आणि चव कळत होती, दोन्ही.

अर्धी भाकरी शिल्लक होती माझ्या ताटात. भात यायचा होता. काकू खुर्चीवरून उठल्या. त्यांना दम लागला होता, ते लांबूनही दिसत होतं.

“प्रणित, ऊठ.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. हातात घास होता.

“ऊठ म्हणते ना. माझ्या अंगणातल्या पाटावरून ऊठ.”

गच्चीवर कुणीतरी ‘अगं बाई’ म्हटलं. मी घास ताटात ठेवला आणि उठलो. आयुष्यात कुणी मला ताटावरून उठवलं नव्हतं. ते नाटक असतं तर बरं झालं असतं. पण काकूंना नाटक येत नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी मला खरोखर उठवलं.

थोड्याच वेळात आत फोन वाजला. तोच गोड आवाज. आपण श्री. प्रणित तोडकर यांना आपल्या घरी पंगतीतून उठवलंत का?

“उठवलं,” काकू म्हणाल्या. “भरल्या ताटावरून उठवलं.”

कधी, ते मशीननं विचारलं नाही. काकूंनी सांगितलं नाही.

हे गृहस्थ आपल्या घरचे आहेत का?

काकू थांबल्या. मी फाटकाशी होतो, तिथून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता की काय असं वाटलं.

“ताटावरून उठवलेला माणूस घरचा कसा असेल?”

आपलं उत्तर ‘नाही’ असं नोंदवत आहोत, मशीन म्हणालं. काकू काही बोलल्या नाहीत.

मी बाहेर पडलो. सदानं पलीकडच्या त्याच्या सलूनच्या दारातनं सगळं बघितलं होतं. त्यानं न विचारता नळ सोडला, पण मी हात धुतला नाही. उठवलेला माणूस हात न धुताच जातो.

मंजुरी त्याच संध्याकाळी आली. काकू आता जिना चढतात म्हणे. मी त्यांना भेटत नाही, भेटायचं नाही, वैर मोडलं तर नोंद परत उघडते. स्टेशन रोडच्या शोरूमला महिन्याभरात कुलूप लागलं. त्याचा मला आनंद झाला. अजूनही होतो. ते लपवायचं कारण नाही.

पण त्या दुपारी फाटक लावताना मी एकदा मागं वळून बघितलं होतं. माझा पाट रिकामा होता आणि ताट तसंच होतं. शेजारी दया मान खाली घालून जेवत होता. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याला उठू दिलं नव्हतं.